बालरुग्ण विभागात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकांसाठी: पहिल्या वर्षाचे शिक्षण कसे आखावे

परिचर्येच्या अभ्यासक्रमात बालरुग्ण परिचर्या हा विषय सर्वांनाच असतो. परंतु विद्यार्थिदशेत मुलांच्या वॉर्डात काढलेले दिवस मोजके असतात आणि त्या काळात रुग्णाची जबाबदारी दुसऱ्या कुणावर तरी असते. म्हणूनच प्रौढांच्या वॉर्डात काही वर्षे उत्तम काम केलेली परिचारिकासुद्धा मुलांच्या वॉर्डात आली की सुरुवातीला बावरते. त्यात कमीपणा काहीच नाही. मुलाचा श्वास, त्याचे रक्ताभिसरण, औषधाच्या मात्रेचा हिशेब, त्याची भीती आणि ती व्यक्त करण्याची रीत या सगळ्यांचे नियम वेगळे असतात आणि वयाप्रमाणे ते बदलतही जातात.

नव्याने रुजू झालेल्यांच्या हाती बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणांची एक यादी दिली जाते. यादी आवश्यक आहेच, पण कोणत्या क्रमाने शिकावे हे ती सांगत नाही. माझे मत असे आहे की या विभागात आधी पाहायला शिकावे, मग हिशेब करायला, मग बोलायला, आणि यंत्रांकडे व अवघड कौशल्यांकडे त्यानंतर वळावे. कारण प्रकृती बिघडत चाललेले मूल वेळेवर ओळखले गेले नाही, तर बाकीची कौशल्ये कितीही चांगली असली तरी ती उशिरा उपयोगी पडतात. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत. औषधे, मात्रा आणि प्रक्रिया यांबाबत आपल्या रुग्णालयाची लेखी कार्यपद्धती हीच अंतिम मानावी.

पहिली पायरी: मुलाकडे पाहायला शिका

सुरुवातीचे काही आठवडे मुख्यतः निरीक्षणाला द्यावेत. आजारी मूल ओळखण्यासाठी त्या वयाचे निरोगी मूल कसे दिसते, कसे श्वास घेते आणि अनोळखी माणसाला पाहून काय करते, हे नजरेत पक्के बसलेले असावे लागते. सात-आठ महिन्यांचे बाळ परक्या माणसाला पाहून आईला बिलगते, ही निरोगी गोष्ट आहे. तेच बाळ कुणीही उचलले तरी निमूटपणे पडून राहत असेल, तर ते शहाणे बाळ म्हणून कौतुक करण्याऐवजी थांबून नीट तपासावे.

बालरुग्णांच्या तातडीच्या तपासणीत एक त्रिकोण शिकवला जातो आणि तो पहिल्याच आठवड्यात आत्मसात करावा. त्याच्या तीन बाजू म्हणजे मुलाचे एकंदर दिसणे, श्वासासाठी त्याला पडणारे कष्ट आणि त्वचेचा रंग. मुलाला हात लावण्यापूर्वी, खाटेच्या पायथ्याशी उभे राहून, काही सेकंदांत हे तिन्ही पाहायचे असते. मूल नजर देते का, त्याच्या हातापायांत जोर आहे का, रडण्याचा आवाज नेहमीसारखा आहे का. नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का. त्वचा फिकट, निळसर किंवा चट्ट्याचट्ट्यांची दिसते का. मॉनिटरवरील आकड्यांकडे नजर त्यानंतर वळावी. हा क्रम उलटा झाला की परिचारिका मुलाऐवजी पडदा पाहू लागते, आणि बोटावरचा प्रोब (ऑक्सिजन मोजणारा चिमटा) निसटला असेल तर पडदा फसवतो.

श्वास मोजण्याचे काम किरकोळ समजले जाते, पण या विभागात त्याच्याइतके मोलाचे दुसरे मोजमाप क्वचितच असेल. लहान बाळाचा श्वास अनियमित असतो, म्हणून तो पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याऐवजी पूर्ण एक मिनिट मोजावा. मूल शांत असताना, शक्यतो आईच्या मांडीवर असताना, पोटाच्या हालचालीवरून मोजावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन ते अकरा महिन्यांत 50 किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांत 40 किंवा अधिक श्वास हे जलद मानले जातात. हे तीन आकडे पाठ असू द्यावेत.

येथे एक धोका समजून घ्यावा, कारण प्रौढांच्या वॉर्डातून आलेल्यांची नजर नेमकी तिथेच चुकते. मूल शॉकमध्ये, म्हणजे शरीराला रक्तपुरवठा अपुरा पडण्याच्या अवस्थेत, जात असताना हृदयाचे ठोके वाढवून आणि रक्तवाहिन्या आकुंचित करून बराच वेळ रक्तदाब टिकवून धरते. रक्तदाब खाली आलेला दिसतो तेव्हा परिस्थिती खूप पुढे गेलेली असते. एक ते दहा वर्षांच्या मुलात वरच्या रक्तदाबाची किमान मर्यादा 70 अधिक वयाच्या दुप्पट अशी काढतात, म्हणजे चार वर्षांच्या मुलात 78. पण तो आकडा गाठला जाण्याची वाट पाहू नये. ठोके जलद, हातपाय गार, छातीवर किंवा बोटावर दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन-तीन सेकंदांहून अधिक वेळ, लघवी कमी आणि मूल सुस्त, एवढ्यावरच हाक द्यावी. श्वासाचेही तसेच आहे. बराच वेळ धापा टाकणाऱ्या मुलाचा श्वास एकाएकी मंदावला आणि ते गप्प झाले, तर ते बरे झाले आहे की थकले आहे, याचा निर्णय त्याच्या जवळ जाऊन, त्याला जागे करून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

सरावासाठी एक साधी पद्धत सुचवते. प्रत्येक ड्युटीत दोन-तीन मुले निवडावीत, नोंदी न पाहता त्यांचे वय, श्वास, ठोके आणि वेदना यांचा अंदाज कागदावर लिहावा आणि मग प्रत्यक्ष मोजून पडताळावा. काही आठवड्यांत अंदाज आणि मोजमाप यांतले अंतर कमी होताना दिसते.

दुसरी पायरी: वजन, मात्रा आणि दशांश चिन्ह

प्रौढांच्या वॉर्डात बहुतेक औषधे ठरावीक मात्रेत दिली जातात. मुलांमध्ये जवळपास प्रत्येक मात्रा वजनावर ठरते, आणि एकाच वॉर्डात अडीच किलोचे बाळ आणि साठ किलोचा किशोर शेजारी शेजारी असू शकतात. त्यामुळे औषधाच्या हिशेबातील चूक येथे थोडीथोडकी नसते. दशांश चिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते. प्रौढाला दहापट मात्रा द्यायची तर इतक्या कुप्या फोडाव्या लागतात की हात आपोआप थांबतो, पण बाळासाठीची दहापट मात्रासुद्धा एकाच लहान सिरिंजमध्ये मावते आणि डोळ्यांना काहीच वावगे दिसत नाही.

म्हणून वजनापासून सुरुवात करावी. वजन किलोग्रॅममध्येच लिहावे, पालकांना विचारून नव्हे तर काट्यावर मोजून लिहावे, आणि लहान बाळाचे कपडे व डायपर काढून घ्यावे. त्यानंतर मात्रेचा हिशेब नेहमी तीन टप्प्यांत मांडावा: एका किलोला किती मिलिग्रॅम, या मुलाला एकूण किती मिलिग्रॅम, आणि हाती असलेल्या बाटलीतून ते किती मिलिलिटर होतात. उदाहरणार्थ, आठ किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोला 15 मिलिग्रॅम या प्रमाणात लिहून दिले असेल, तर एका वेळची मात्रा 120 मिलिग्रॅम होते. पाच मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते 5 मिलिलिटर, पाच मिलिलिटरमध्ये 250 मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे 2.4 मिलिलिटर आणि एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे 1.2 मिलिलिटर होतात. औषध एक, मात्रा एक, पण भरायचे आकारमान तीन वेगळी. यासाठीच तोंडी सांगताना किंवा लिहिताना केवळ ‘पाच एमएल द्या’ असे कधीही म्हणू नये. मिलिग्रॅम आणि बाटलीची तीव्रता दोन्ही सांगावे.

लिहिण्याचे दोन नियम हाताला लावून घ्यावेत. अर्धा लिहिताना दशांश चिन्हापूर्वी शून्य लिहावे, म्हणजे 0.5, आणि पूर्ण आकड्यानंतर चिन्ह व शून्य लिहू नये, म्हणजे 5 असेच, कारण 5.0 मधले चिन्ह पुसट झाले की वाचणारा पन्नास वाचतो. वजन जास्त असलेल्या किशोरात हिशेबाने आलेली मात्रा प्रौढांच्या कमाल मात्रेपेक्षा मोठी तर होत नाही ना, हेही पाहावे. दुसऱ्या परिचारिकेकडून पडताळणी करून घेताना तिला आपले उत्तर आधी सांगू नये. तिने स्वतंत्र कागदावर हिशेब करावा आणि मग दोन्ही उत्तरे जुळवावीत. ‘बघ गं, अडीच एमएल बरोबर आहे ना?’ असे विचारले की समोरची मान डोलावते आणि पडताळणी झालीच नाही असे होते.

सलाइनचा हिशेबही याच टप्प्यावर शिकावा. हॉलिडे आणि सेगर यांनी 1957 मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरले जाते: पहिल्या दहा किलोंसाठी दिवसाला किलोमागे 100 मिलिलिटर, पुढच्या दहा किलोंसाठी 50 आणि त्यापुढील प्रत्येक किलोसाठी 20. चौदा किलोच्या मुलाला त्यानुसार दिवसाला 1200, म्हणजे तासाला 50 मिलिलिटर द्रव लागतो. मायक्रोड्रिप सेटमधून, म्हणजे बारीक थेंब पाडणाऱ्या सलाइनच्या नळीतून, एका मिलिलिटरचे 60 थेंब पडतात, त्यामुळे तासाला जितके मिलिलिटर तितकेच मिनिटाला थेंब, ही सोय पंप बंद पडल्यावर फार कामी येते. नवजात बाळांना मात्र हे सूत्र लावू नये. औषधे विरघळवण्यासाठी आणि नळी धुण्यासाठी वापरलेले द्रवही बाळाच्या एकूण हिशेबात धरावे. पाच किलोच्या बाळाच्या शरीरात रक्तच सुमारे 400 मिलिलिटर असते, हे लक्षात ठेवले की तपासणीसाठी काढलेल्या दोन-दोन मिलिलिटर रक्ताचीही नोंद का ठेवावी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या पायरीवर घाई करू नये. रोज पाच हिशेब सोडवून मार्गदर्शक परिचारिकेकडून तपासून घ्यावेत, आणि सलग काही दिवस सर्व उत्तरे अचूक येईपर्यंत अतिजोखमीची औषधे, म्हणजे इन्सुलिन, पोटॅशियम, हेपारिन, मॉर्फिनसारखी औषधे, एकट्याने भरू नयेत.

तिसरी पायरी: मुलाशी आणि पालकांशी बोलणे

एके काळी रुग्णालयांत मुलांना पालकांपासून दूर ठेवले जाई आणि भेटीची वेळ आठवड्यातून काही तासांपुरतीच असे. ब्रिटनमध्ये 1959 च्या प्लॅट समितीच्या अहवालाने भेटींवरील निर्बंध हटवावेत आणि लहान मुलांसोबत आईला राहता यावे, अशी शिफारस केली, आणि पुढे हा विचार इतरत्रही रुजला. आज पालकांना उपचाराचे भागीदार मानले जाते. तरीही गर्दीच्या वॉर्डात पालक अडचणीचे वाटू लागतात, आणि नवागत परिचारिका ती वृत्ती नकळत उचलते. आई म्हणते, ‘आज हा वेगळाच वाटतोय,’ तेव्हा ते वाक्य निरीक्षण म्हणून तक्त्यात लिहावे. प्रकृती बिघडण्याची पूर्वसूचना देणाऱ्या काही गुणतक्त्यांत पालकांच्या काळजीला मुद्दाम स्थान दिलेले आहे.

मुलाशी खरे बोलावे. ‘अजिबात दुखणार नाही’ असे सांगून सुई टोचली की त्या मुलाचा विश्वास त्या परिचारिकेवरून उडतो आणि पुढच्या प्रत्येक प्रक्रियेला चौघांना धरावे लागते. ‘थोडा वेळ दुखेल, तू आईचा हात घट्ट धर, मी झालं की लगेच सांगते,’ हे वाक्य अधिक उपयोगी आहे. दोन-तीन वर्षांच्या मुलाला प्रक्रियेच्या अगदी थोडा वेळ आधी सांगावे, कारण लवकर सांगितल्याने केवळ भीती वाढते. शाळकरी मुलाला आधी वेळ देऊन, साहित्य हाताळू देऊन समजवावे. किशोराला पालकांशिवाय बोलण्याची संधी आणि पडद्याआडची एकांताची जागा द्यावी. लहान बाळाला टोचताना आईने मांडीवर उभे धरणे हे खाटेवर दाबून धरण्यापेक्षा बहुतेक वेळा सोपेही जाते.

वेदना मोजणे हे याच पायरीचे अंग आहे. बोलता न येणाऱ्या मुलांसाठी फ्लॅक पट्टी वापरतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत करता येणे या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन एकूण दहापैकी गुण काढले जातात. तीन-चार वर्षांपुढील बरीच मुले चित्रातल्या चेहऱ्यांकडे बोट दाखवू शकतात. गुण लिहून थांबू नये. औषध दिल्यावर किंवा उपाय केल्यावर पुन्हा मोजून तेही लिहावे. नवजात बाळाला टाचेतून रक्त घेण्यापूर्वी स्तनपान, त्वचेला त्वचा लावून धरणे किंवा कार्यपद्धतीनुसार साखरेच्या द्रावणाचे थेंब, हे उपाय वेदना कमी करतात आणि ते सुचवणे परिचारिकेच्या हातात आहे.

चौथी पायरी: जीवनरक्षक प्रशिक्षण आणि त्याचा सराव

मुलांचे हृदय बंद पडते ते बहुतेक वेळा श्वास अपुरा पडल्यामुळे किंवा शॉकमुळे, हृदयाच्या मूळ आजारामुळे नव्हे. म्हणून बालरुग्ण परिचारिकेचे सर्वांत महत्त्वाचे जीवनरक्षक कौशल्य म्हणजे अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि मास्कने योग्य श्वास देणे. मास्क नाक व तोंड झाकतो पण डोळ्यांवर येत नाही, बाळाचे डोके मागे न झुकवता सरळ ठेवले आहे, हनुवटीखालच्या मऊ भागावर बोटे दाबली जात नाहीत, आणि प्रत्येक श्वासाला छाती हलकीच वर येते: या चार गोष्टी बाहुल्यावर इतक्या वेळा कराव्यात की विचार करावा लागू नये.

छाती दाबण्याचे आकडे असे आहेत: मिनिटाला 100 ते 120 वेळा, छातीच्या जाडीच्या किमान एक तृतीयांश खोलीपर्यंत, म्हणजे तान्ह्या बाळात सुमारे 4 सेंटिमीटर आणि मोठ्या मुलात सुमारे 5 सेंटिमीटर. एकटे असताना 30 दाबांमागे 2 श्वास, दोघे असताना 15 दाबांमागे 2 श्वास. जन्मलेल्या क्षणीच्या बाळासाठी प्रमाण वेगळे, 3 दाबांमागे 1 श्वास, असते. पॅल्स (मुलांसाठीचे प्रगत जीवनरक्षक प्रशिक्षण) आणि नवजात पुनरुज्जीवनाचे अभ्यासक्रम शक्य तितक्या लवकर करावेत. त्यांची प्रमाणपत्रे साधारणपणे दोन वर्षे चालतात, परंतु हाताचे कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून दोन वर्षांतून एकदा दिवसभराचे प्रशिक्षण घेण्यापेक्षा दर महिन्याला वॉर्डातच दहा मिनिटांचा सराव व्हावा, असा आग्रह नवागतांनीही इन-चार्ज सिस्टरकडे धरावा. प्रत्येक ड्युटीच्या सुरुवातीला इमर्जन्सी ट्रॉली स्वतः उघडून पाहावी आणि आपल्या वॉर्डातल्या सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या मुलासाठी मास्क कोणता लागेल, हे हाताने काढून पाहावे.

पाचवी पायरी: हाक कशी द्यावी

बिघाड ओळखला तरी तो डॉक्टरांपर्यंत नीट पोहोचला नाही तर उपयोग नाही. त्यासाठी एसबार ही मांडणी शिकावी: परिस्थिती, पार्श्वभूमी, आपले मूल्यमापन आणि आपली विनंती. फोनवर बोलणे असे असावे: ‘सर, मी मुलांच्या वॉर्डातून बोलते आहे. तीन नंबरच्या खाटेवरच्या सात महिन्यांच्या बाळाला श्वासाचा त्रास वाढला आहे. काल ब्राँकिओलायटिससाठी भरती झाले. सकाळी श्वास 48 होता, आता 68 आहे, ऑक्सिजन चालू असूनही सॅच्युरेशन 89 आहे, दोन वेळचे दूध घेतलेले नाही आणि ते सुस्त आहे. मला वाटते ते थकत चालले आहे. आपण आत्ता येऊन पाहावे.’ शेवटचे वाक्य नवागतांना जड जाते, पण तेच सर्वांत आवश्यक आहे. उत्तर समाधानकारक मिळाले नाही, तर वरिष्ठांना कळवण्याचा मार्ग कोणता, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. मुलासाठी दुसऱ्यांदा फोन करणे हा उद्धटपणा नाही.

सहावी पायरी: हाताची कौशल्ये आणि त्यांची वही

यानंतर प्रक्रियांकडे वळावे. एक कौशल्यवही ठेवावी आणि प्रत्येक कौशल्यापुढे तीन रकाने करावेत: पाहिले, देखरेखीखाली केले, एकट्याने करण्यास मार्गदर्शकाने मान्यता दिली. तिसरा रकाना स्वतः भरू नये.

दोन कौशल्यांचा विशेष उल्लेख करते. पहिले म्हणजे कॅन्युलाची, म्हणजे सलाइनसाठी शिरेत घातलेल्या बारीक नळीची, देखभाल. लहान मुलाला सलाइन बाहेर झिरपत असल्याचे सांगता येत नाही, म्हणून चालू कॅन्युलाची जागा दर तासाला उघडी पाहावी, दुसऱ्या हाताशी किंवा पायाशी तुलना करावी, आणि जागा दिसेनाशी होईल अशी पट्टी गुंडाळू नये. दुसरे म्हणजे नाकातून पोटात घातलेली नळी. ती योग्य ठिकाणी आहे हे हवा सोडून आवाज ऐकण्यावरून ठरवू नये, कारण ती पद्धत विश्वासार्ह नाही. नळीतून काढलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचे माप) 5.5 किंवा कमी असणे, किंवा एक्स-रे, हे आधार घ्यावेत, आणि शंका असेल तर दूध देऊ नये.

हात धुण्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले पाच क्षण सर्वांना पाठ असतात. मुलांच्या वॉर्डात त्यांत खेळणी, पाळण्याचे कठडे आणि दूध तयार करण्याची जागा यांच्या स्वच्छतेची भर घालावी.

सातवी पायरी: बालसंरक्षण आणि मनावरचा भार

बालसंरक्षणाचे प्रशिक्षण ऐच्छिक समजू नये. अजून रांगू किंवा धरून चालू न लागलेल्या बाळाच्या अंगावरचे वळ, सांगितलेल्या हकिकतीशी न जुळणारी इजा, उपचारांसाठी आणण्यात झालेला अकारण उशीर, या गोष्टी दिसल्या तर आरोप न करता, मूल व पालक जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहावे आणि ठरलेल्या अधिकाऱ्याला कळवावे. खात्री पटण्याची वाट पाहणे हे परिचारिकेचे काम नाही. शंका योग्य ठिकाणी पोहोचवणे हे आहे.

मुलाच्या मृत्यूनंतर पुढच्या खाटेवरचे औषध वेळेवर द्यावेच लागते, आणि म्हणून दुःख बाजूला ठेवले जाते. ते तसेच साठत गेले की माणूस कोरडा होतो किंवा काम सोडतो. अशा घटनेनंतर संपूर्ण चमूने एकत्र बसून, काय झाले आणि कुणाला काय वाटले हे बोलण्याची पद्धत आपल्या वॉर्डात आहे का, हे विचारावे. नसेल तर मार्गदर्शक परिचारिकेकडे स्वतःहून वेळ मागावा. हेसुद्धा व्यावसायिक प्रशिक्षणच आहे.

वर्षाअखेरीस

पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये परिचारिकेच्या प्रगतीच्या पाच अवस्था मांडल्या: नवखी, प्रगत नवखी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षे काढल्यावर सक्षम अवस्था येते, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यामुळे एका वर्षात सर्व काही जमले नाही म्हणून खचू नये, आणि सहा महिन्यांत विभाग बदलण्याची घाईही करू नये. नवजात अतिदक्षता, बालकर्करोग, शस्त्रक्रियेनंतरची देखभाल किंवा उपशामक सेवा यांपैकी विशेष प्रशिक्षण कोणते घ्यावे, हा निर्णय सामान्य बालरुग्ण वॉर्डात किमान एक वर्ष काढून, त्या विभागांत काही दिवस निरीक्षक म्हणून बसून मगच घ्यावा.

वार्षिक आढावा बैठकीला जाताना कौशल्यवही, केलेल्या प्रशिक्षणांची तारखांसह यादी आणि ज्या तीन गोष्टी अजून एकट्याने करता येत नाहीत त्यांची नावे लिहून न्यावीत. त्या तीन गोष्टींसाठी कुणाच्या देखरेखीखाली आणि किती दिवसांत सराव मिळेल, हे त्याच बैठकीत ठरवून तारीख लिहून घ्यावी.